भात दिसलं की पाय खाली

६ जुलै
वारा पश्चिमेचा. किलोमीटर: चाळीस. (खोटं. शून्य.)

भुवनाक्का,

तू पुण्याला गेलीस आणि फोन उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा येतात, त्याच्यापुढे चार महिने काही नाही. म्हणून पोस्ट. पाकिटावर निळ्या खुणा उमटत नाहीत, तेवढं तरी बरं.

दुसरं कारण असं की हे घरात कुणाला वाचता येणार नाही. इथल्या सगळ्या मराठी घरांसारखे अप्पा दिवसभर मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ. राजवाड्याजवळच्या त्या सुट्टीतल्या देवनागरीच्या वर्गात शेवटपर्यंत आपण दोघीच टिकलो होतो. तू अक्षरं शिकायला आली होतीस, मी तू आलीस म्हणून. आता उपयोगी पडतंय. इथे मला खोटं बोलायची गरज नाही. तरी सवयीने वर बोललेच.

तर खरं सांगते. मे महिन्यापासून मी सायकलवर बसलेले नाही. रोज सव्वापाचला जर्सी घालून, लाल हेल्मेट चढवून सायकल बाहेर काढते. अम्मा दारात पिठाच्या रांगोळीचा कोलम काढत असते, त्याच्यावरून चाक उचलून नेते. राजवाड्याच्या भिंतीपर्यंत ढकलत जाते आणि तिथल्या एका पायरीवर बसते. दोन तास. मग नळावर जर्सीची पाठ ओली करते आणि घरी येते. अप्पा पेपरातून डोकं न काढता विचारतात, "किती झाले?"

"चाळीस."

"बहु छान."

त्या "बहु छान"नंतर मी दुसरी इडली परत भांड्यात ठेवते.

ऑक्टोबरच्या अठराला राज्य स्पर्धा आहे. जिल्ह्यातून मुलींची एकच जागा, आणि तिच्यावर माझं नाव. आपल्या सायकल क्लबचे सांबशिव सर वीस सप्टेंबरला यादी पाठवणार. तोपर्यंत एकतर मी पुन्हा चालवायला लागायचं, नाहीतर सरांच्या सायकलच्या दुकानात जाऊन सांगायचं की मी येत नाही. दोन्ही जमत नाहीये. पायांना काही झालेलं नाही. रक्तसुद्धा तपासून घेतलं, सगळं ठीक. फक्त पेडलवर पाय ठेवला की आतून विचारणा होते, कशाला?

तू इथे असतीस तर माझ्या पाठीत बुक्का घातला असतास. "चल डी, माझ्या चाकाला लाग. विचार पापनाशमला पोचल्यावर कर."

नंदिता

१९ जुलै
वारा आडी महिन्याचा, म्हणजे विचारूच नको. किलोमीटर: शून्य.

अक्का,

आज पायरीवर बसून मी डोळे मिटले आणि तुला चालवताना पाहिलं.

कालव्याचा रस्ता. नारळ सगळे एका बाजूला झुकलेले. मोपेडवाले माना खाली घालून चाललेले, त्यांच्या लुंग्या फडफडतायत. आणि तू पुढे. तुझ्या पाठीवर कॉफीचा टंबलर ठेवला असता तर थेंब सांडला नसता. खांदे हलत नाहीत, डोकं हलत नाही, सगळं कमरेखाली चाललंय, आणि वरून बघणाऱ्याला वाटावं की बाई रस्त्यावर नुसती बसलीय आणि रस्ताच मागे पळतोय. तुझ्यामागे मी, तुझ्या चाकापासून एक वीत.

"चाकाकडे बघू नको. माझ्या कमरेकडे बघ. कंबर आधी सांगते."

दोन-दोन मिनिटं पुढे राहून मागचीसाठी वारा अडवायचा असं आपलं ठरलेलं. तू पाच मिनिटं तो वारा अंगावर घ्यायचीस आणि बाजूला होताना म्हणायचीस, "दोन झाली." माझ्या हातात घड्याळ होतं, अक्का. मी एकदाही तोंड उघडलं नाही.

क्लबचा तो नियमही आज आठवला. *भात दिसलं की पाय खाली.* कापणीच्या दिवसांत लोक रस्त्यावर भात वाळत घालतात, आणि आपल्यातल्याच कुणी एकदा त्याच्यावरून सायकली घातल्या. मग गावकऱ्यांनी एक अख्खा हंगाम आपल्याला कालव्याच्या रस्त्यावर येऊ दिलं नाही. सर घरोघर हात जोडत फिरले. तेव्हापासून: भात दिसलं की उतरायचं, सायकल खांद्यावर, कडेने चालत. शर्यतीतही. येऊन सरांना सांगायचं, सर तेवढे सेकंद वजा करतात. आणि जो भातावरून जाईल त्याचं नाव क्लबच्या वहीतून बाद.

बाकीचे सगळे वैतागून उतरायचे. तू उतरायचीस ती पाहुणीसारखी. भात राखणाऱ्या बाईला विचारायचीस, "जेवलात का?" सकाळी साडेसहाला!

फेब्रुवारीतल्या निवड चाचणीबद्दल सगळे म्हणतात की भुवना त्या दिवशी दमलेली होती. मीही तेच म्हणते. वीस किलोमीटर, एकेकटीने, सगळ्यांच्या शेवटी आपण दोघी, तू माझ्याआधी एक मिनिट सुटलेली. मी एकोणीस सेकंदांनी जिंकले. रस्ता मोकळा होता.

नंदिता

३ ऑगस्ट
वारा तोच. किलोमीटर: शून्य. आणि आता एका माणसाला ते माहीत झालंय.

अक्का,

आडी पेरुक्कू. नदीला पाणी आलंय, त्याचा सण, अख्खं गाव काठावर. अम्माने लिंबाचा भात, चिंचेचा भात, दहीभात असे तीन डबे भरले, आणि अप्पांनी सांबशिव सरांना जेवायला बोलावलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला अप्पा सांगत होते, "ही आमची नंदिता. स्टेटला चाललीय." आपल्या मराठी समाजाच्या सभेत मला मिळालेली शाल घेऊन यायला सांगत होते, अम्माने डोळे वटारले म्हणून वाचले.

मी पाण्यात पाय सोडून बसले होते. सर शेजारी येऊन बसले. माझ्या घोट्याकडे बघून तमिळमध्ये हळूच म्हणाले, "मोज्याची रेघ कुठे गेली, मा?"

आपल्या सगळ्यांच्या घोट्यावर असते ना ती, वर काळं आणि खाली पांढरं. माझी पुसट झालीय. तीन महिने ऊन लागलं नाही तर जाणारच.

मागून अप्पा म्हणाले, "रोज चाळीस करते, सर! आडीतसुद्धा!"

सरांनी मान हलवली, लिंबाच्या भाताचा घास घेतला, बराच वेळ चावला. मग माझ्यापुरतं म्हणाले, "नको असेल तर नको म्हण. त्यात लाज नाही. मीसुद्धा तिसाव्या वर्षी एक दिवस सायकल भिंतीला टेकवली आणि परत घेतली नाही. पण वीसच्या आत म्हण. दुसरी पोर थांबलीय."

दुसरी म्हणजे वसुमती. पापनाशमची, सतरा वर्षांची, चाचणीत तिसरी आलेली. तिच्याशी मी कधी दहा वाक्यं बोलले नसेन.

मी म्हणू शकले असते. तोंडात शब्द आला होता. पण नुसतं "नको" म्हटलं तर तेही अर्धंच खरं झालं असतं.

रस्त्याच्या कडेला थोडं भात होतं, अक्का. त्या दिवशी. थोडं.

नंदिता

१७ ऑगस्ट
वारा पडलाय. किलोमीटर: शून्य.

अक्का,

थोडं नव्हतं.

जाताना रस्ता मोकळा होता, ते खरं. परतताना चौदाव्या किलोमीटरला कालव्याचं वळण संपलं आणि समोर पूर्ण रस्ता सोनेरी. या कडेपासून त्या कडेपर्यंत. चाळीस पावलं लांब. आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला, दूर, तू. खांद्यावर सायकल, कडेच्या चिखलात पाय, सायकल खाली ठेवून वर बसतेयस.

मी मनात मोजलं. ती चालत गेली, म्हणजे तिचे चाळीस सेकंद गेले. मी चालत गेले तर माझेही चाळीस जातील, सर दोघींचे वजा करतील, आणि ती माझ्यापेक्षा वेगवान आहे ती आहेच. मी चालत गेले नाही तर.

तर.

मी ब्रेकवर बोट ठेवलं होतं. ठेवलं होतं हे मला पक्कं आठवतं. मग काढलं.

भातावरून सायकल नेलीयस कधी? नाही नेलीस. मी सांगते. आधी आवाज बदलतो, पापड मोडल्यासारखा. मग मागचं चाक सरकतं. दाणे उडून पिंढऱ्यांवर आपटतात. एक बाई झाडू घेऊन धावत आली, ओरडली, काय ओरडली ते मी ऐकायचं नाही असं ठरवलं. पाच सेकंद. आणि तू लांब पुढे, एकदा मान वळवून मागे पाहिलंस. मी स्वतःला सांगितलं की तिला इतक्या लांबून दिसणार नाही. लाल हेल्मेट घालून मी हे स्वतःला सांगितलं.

शेवटच्या रेघेपाशी सरांनी विचारलं, "भात होतं का वाटेत?"

मी तुझ्याआधी बोलले. "नाही सर. क्लिअर."

तू पाण्याची बाटली तोंडाला लावली होतीस. माझ्याकडे पाहिलंस, पाणी गिळलंस, म्हणालीस, "दमले आज, सर."

नुसतं "मी उतरले होते" म्हटलं असतंस तर चाळीस वजा होऊन तू एकवीस सेकंदांनी जिंकत होतीस. मग सरांनी पुढचं विचारलं असतं, तू उतरलीस तर ही कशी गेली. तेवढं टाळायला तू तुझी शर्यत देऊन टाकलीस. पंधरा दिवसांत बँकेचं पोस्टिंग घेऊन पुण्याला गेलीस आणि फोन घेणं बंद.

मला वाटतं मला किळस आली ती सायकलची नाही.

नंदिता

७ सप्टेंबर
वारा हलका. किलोमीटर: एकतीस. खरे.

अक्का,

कुरुवै भाताची कापणी सुरू झालीय. आज मी सायकलवर बसले. व्यायाम म्हणून नाही, त्या बाईला भेटायला. बस त्या गावात सकाळी थांबत नाही, नाहीतर बसनेच गेले असते.

ती सापडली. तिचं नाव कामाक्षी. रस्त्यावर भात ओढत होती, पायाने, त्या लांब लांब रेघा काढतात तशी. मी दहा पावलं आधीच उतरले. सायकल झाडाला लावली आणि पाठ केलेलं तमिळ वाक्य म्हटलं: फेब्रुवारीत तुमच्या भातावरून सायकल गेली, त्याची माफी मागायला आलेय.

ती म्हणाली, "परत? तुमची ती उंच मुलगी माफी मागून गेली की."

"कोण?"

"मी दुसऱ्या दिवशी तुमच्या सायकलच्या दुकानात भांडायला आले होते. मास्तरापुढे चांगली बोंबलले. ती उंच तिथे बसलेली. उठली आणि म्हणाली, मी गेले भातावरून, मागची मला वाचवायला नाही म्हणाली. मास्तरने तिथल्या तिथे वही काढली आणि तिचं नाव खोडलं. मला तर वाईटच वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे इथे हजर. दुपारपर्यंत माझ्याबरोबर बसून खडे वेचले. काय बडबडते! माझ्या सुनेला तिने केस विंचरून दिले."

कामाक्षीने पदराने तोंड पुसलं.

"ती नव्हती, मला माहीत आहे. मला डोळे आहेत. ती कडेने गेलेली, तिने मला जेवलात का विचारलं. जी वरून गेली तिच्या डोक्यावर लाल होतं."

मग तिने झाडाकडे पाहिलं. हँडलवर हेल्मेट लटकत होतं.

"अच्छा," ती म्हणाली.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"एक पोर स्वतःहून मी मी म्हणत पुढे येते, तिला नाही नाही कसं म्हणू? तुमचं तुम्ही बघा." आणि तिने माझ्या हातात दुसरा झाडू दिला.

अक्का, मी अकरापर्यंत झाडत होते आणि मनात तुझ्याशी भांडत होते. तुला कुणी सांगितलं होतं? मला वाटत होतं तू एकोणीस सेकंदांनी हरून गेलीस. तुझं नावच वहीत नाही! नऊ वर्षं त्या क्लबात, आम्हा सगळ्यांना तू शिकवलंस, आणि सर तुझं नाव निघालं की विषय बदलतात. मला वाटायचं त्यांना तुझी आठवण येते म्हणून. तू त्यांना म्हणाली असशील, नंदिताला सांगू नका. म्हणालीस ना?

इतकं मोठं होऊ नये कुणी, अक्का. मागच्याने काय करायचं?

नंदिता

१७ सप्टेंबर
वारा पाहिला नाही. किलोमीटर: दुकानापर्यंत दोन.

अक्का,

तुझं पत्र काल आलं. पहिलंच. तुझं अक्षर अजून दुसरीतल्या मुलीसारखं आहे. मी ते इतक्यांदा वाचलंय की खाली उतरवून काढते, म्हणजे माझ्याही हातातून एकदा जाईल:

*नंदी, मला देव्हाऱ्यात बसवू नको, मला तिथे गुदमरतं. मला चाचणीच्या आधी एक वर्षापासून शर्यत नको होती. पुढे पाच पाच मिनिटं राहायचे कारण पुढे असलं की तोंड कुणाला दिसत नाही. त्या दिवशी भात पाहिलं आणि मला बरं वाटलं. उतरायला मिळालं. मुद्दाम हळू चालले. बाकी कुणी असतं तर पंचवीस सेकंदांत पार. बँकेचा कागद तेव्हाच माझ्या बॅगेत होता, घरी सांगायची हिंमत नव्हती. ती बाई दुकानात ओरडत आली तेव्हा मला दार उघडलेलं दिसलं. तुझा दोष मी घेतला तो मला सोयीचा होता म्हणून. पण तू "क्लिअर" म्हणालीस त्याचा राग आहे. अजून आहे. म्हणून फोन घेत नाही. इथे लोक माझ्या मराठीला हसतात, सध्या तेवढंच पुरे आहे. वीस तारखेचं तुझं तू ठरव.*

दोन तास मला तुझा राग आला. इतकी वर्षं ज्या पाठीकडे बघत मी चालवलं, ती पाठ पळून जायचा विचार करत होती! आणि मला कळलं नाही. कंबर आधी सांगते म्हणे.

मग वाटलं, शर्यत नको झालेली, पाय जड, घरच्यांना सांगायची हिंमत नाही, आणि तरीही तू कडेने गेलीस. जेवलात का विचारलंस. खडे वेचायला गेलीस, ते तर सोयीचं नव्हतं. मलाही शर्यत नको झाली, आणि मी काय केलं? नळावर जर्सी भिजवली. तू कितीही हळू चाललेली असलीस तरी मी तुझ्याइतकी चांगली उतरलेली नाही. तुला देव्हाऱ्यातून काढलं. पण घरातच ठेवणार, बाहेर नाही.

आज दुकान उघडायच्या वेळेला गेले. सर चाकाचे स्पोक ताणत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. भात, ब्रेक, "क्लिअर", तू, मे महिन्यापासूनची पायरी. मधे त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही, पण हात थांबले होते.

"झालं?"

"हो सर."

त्यांनी वही काढली. माझं नाव खोडलं, पट्टी लावून, सरळ. मग एक पान मागे गेले आणि तुझं नाव पुन्हा लिहिलं. म्हणाले, "ती पोर इथे बसून माझ्या तोंडावर खोटं बोलली आणि मी ओळखलं नाही. तुझ्यापेक्षा मला ते लागलंय." मग: "तू एक वर्ष शर्यत नाही. वसुमतीला कळव, तूच कळव. आणि तुझ्या अप्पांना कोण सांगणार?"

"मीच."

अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. शालीचं काही बोलले नाहीत.

"ते रोजचे चाळीस?"

"तेही खोटे."

"मग कोठे असायचीस?"

"राजवाड्याच्या पायरीवर."

"दोन दोन तास?" अप्पा म्हणाले. "डास नाही चावले?"

आणि आत जाऊन अम्माला म्हणाले, मला जेवायला वाढ.

नंदिता

२९ सप्टेंबर
वारा कुठूनही. किलोमीटर: बावन्न.

अक्का,

सरांनी शिक्षेला शेपूट लावलंय. शर्यत नाही, पण स्पर्धेपर्यंत रोज सकाळी वसुमतीच्या पुढे राहून तिच्यासाठी वारा फोडायचा. "तुला पुढे राहणं काय असतं ते कळू दे."

पहिले चार दिवस मी नुसती शिक्षा भोगली. ती पोर गप्प. मागे आहे की नाही तेही कळायचं नाही. पाचव्या दिवशी मी पुढे पाच मिनिटं काढली आणि बाजूला होताना म्हटलं, "दोन झाली." ती लगेच म्हणाली, "पाच झाली, अक्का. माझ्याकडे घड्याळ आहे. मला पण पुढे यायचंय." बघ! इतकं सोपं होतं. मी नऊ वर्षांत म्हटलं नाही.

आज पापनाशमला सहा किलोमीटर उरले असताना ती माझ्या बाजूने गेली. न सांगता, न बघता. गेली म्हणजे गेलीच. वाऱ्यात, एकटी. दोन वळणांनंतर ती माझ्यापुढे दोनशे मीटर.

सरांनी मला पुढे राहायला सांगितलंय, पाठलाग करायला नाही. मी ऑक्टोबरला कुठेच चाललेली नाही. तिला पकडून मला काहीही मिळणार नव्हतं. आणि मी हँडलच्या खालच्या वळणाला हात घातले, मान खाली घातली, आणि गेले तिच्यामागे. एक चिलट तोंडात गेलं, थुंकायला वेळ नव्हता, गिळलं. मांड्या पेटल्या. "कशाला" म्हणणारं जे कोणी होतं, ते मागेच कुठेतरी राहिलं असावं, मला वळून बघायला फुरसत नव्हती. मी ओरडतसुद्धा होते, काय ते माहीत नाही, मराठीत.

नाही सापडली. रेल्वेचं गेट बंद होतं म्हणून उभी होती, नाहीतर दिसलीही नसती. पाणी पीत होती. हसली, जरा माजोरीच हसली.

"उद्या सव्वापाच नाही," मी धापा टाकत म्हटलं. "पाचला ये."

"पाचला अंधार असतो, अक्का."

"दिवा लाव."

तुला राग आहे तोवर असू दे, मी घाई करत नाही. आत्ता आठच वाजलेत, घरात सगळे जेवतायत, आणि मी झोपायला चाललेय. माझा दिवा चार्जिंगला लावलाय. ही पोर तुझ्यासारखी चालवत नाही. खांदे फार हलवते, आणि तरी माझ्या हाती लागत नाही.

नंदिता